शिकेकाई

शिकेकाई ही शिंबावंत कुलातील एक काटेरी, आरोही वनस्पती असून तिच्या वाळलेल्या शेंगांचा उपयोग प्रामुख्याने केस धुण्यासाठी केला जातो. तिचे शास्त्रीय नाव सेनेगॅलिया रुगाटा असे आहे. अकेशिया कॉन्सिना हे तिचे जुने नाव अजूनही अनेक पुस्तकांत आढळते. महाराष्ट्रात ‘शिकेकाई’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो : ती वनस्पती, तिची शेंग, आणि त्या शेंगांत रिठे, आवळकाठी, नागरमोथा इत्यादी जिन्नस मिसळून घरी तयार केलेले केस धुण्याचे चूर्ण. शेंगेच्या टरफलात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. केसांतील तेल व मळ निघून जातो तो या द्रव्यांमुळे. डोळ्यांत गेल्यास होणारी तीव्र आगही त्यांच्यामुळेच होते.

नाव

शिकेकाई हे नाव दाक्षिणात्य भाषांतून मराठीत आले आहे. कन्नडमध्ये तिला सीगेकायी, तेलुगूत शीकाय आणि तमिळमध्ये सीयक्काय म्हणतात. या भाषांत ‘काय’ किंवा ‘कायी’ या शब्दाचा अर्थ फळ अथवा शेंग असा होतो. हिंदीत शिकाकाई हे रूप रूढ आहे.

बाभूळ, खैर व शिकेकाई या वनस्पती पूर्वी अकेशिया या एकाच मोठ्या प्रजातीत गणल्या जात. २००५ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींकडे ठेवण्याचा निर्णय झाला आणि २०११ मध्ये मेलबर्न येथील परिषदेत तो कायम राहिला. त्यामुळे बाभूळ व्हॅचेलिया या प्रजातीत, तर खैर व शिकेकाई सेनेगॅलिया या प्रजातीत गेली.

वनस्पतीचे वर्णन

शिकेकाईची वेलीसारखी पसरणारी मोठी झुडपे भारतातील, विशेषतः दख्खन व पश्चिम घाटातील जंगलांत तसेच म्यानमार आणि आग्नेय आशियात आढळतात. फांद्यांवर आकड्यांसारखे वाकडे काटे असतात. त्यांच्या आधाराने ती शेजारच्या झाडांवर चढते. पाने लाजाळू किंवा बाभळीच्या पानांप्रमाणे दोनदा विभागलेली, बारीक दलांची असतात. फुले लहान व गोल गुच्छांत येतात. शेंग जाड व मांसल असून वाळल्यावर ती तपकिरी, सुरकुतलेली आणि दोन बियांच्या मध्ये दबलेली दिसते. कोवळी पाने चवीला आंबट असल्याने दक्षिण भारतात काही ठिकाणी ती स्वयंपाकात वापरतात.

रासायनिक घटक व कार्य

सॅपोनिन हे नाव साबण या अर्थाच्या ‘सापो’ या लॅटिन शब्दावरून आले आहे. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असून तो पाण्यात मिसळतो. दुसरा भाग तेलाकडे ओढला जातो. केसांवर शिकेकाईचे पाणी चोळले असता रेणूची तेलाकडे ओढली जाणारी बाजू तेलाच्या सूक्ष्म थेंबांना घेरते आणि स्वच्छ पाणी ओतताच ते थेंब धुळीसह वाहून जातात. शिकेकाईतील सॅपोनिनचे विघटन केले असता अकेसिक आम्ल मिळते.

साबणाशी तुलना करता शिकेकाईचे दोन विशेष सांगता येतात. साबण अल्कधर्मी असतो; त्यामुळे केसांवरील सूक्ष्म खवले फुगून उघडतात व केस राठ होतात. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने खवले मिटलेले राहतात व केस कमी गुंततात. तसेच विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सॅपोनिनचा असा साका होत नाही. मात्र बाजारात ‘शिकेकाई साबण’ म्हणून मिळणारी वडी ही मुळात साबणाचीच असल्याने तिला हे गुण आपोआप लागू होत नाहीत.

घरगुती चूर्णातील जिन्नस

चूर्णाचे प्रमाण घरोघरी वेगळे असते. एक प्रचलित प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

• शिकेकाईच्या वाळलेल्या शेंगा – १ किलो. हा मुख्य घटक.
• बिया काढलेले रिठे – २५० ग्रॅम. रिठ्यात सॅपोनिन भरपूर असल्याने फेस वाढतो. प्रमाण जास्त झाल्यास केस कोरडे पडतात.
• आवळकाठी (वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे) – २५० ग्रॅम. हिच्यामुळे मिश्रणाला आम्लता येते.
• मेथ्या – १०० ग्रॅम. भिजल्यावर त्यांतून बुळबुळीत द्रव्य सुटते व केस मऊ लागतात.
• नागरमोथा – १०० ग्रॅम. गवला व कचोरा – प्रत्येकी ५० ग्रॅम. हे सुगंधासाठी घालतात.
• संत्र्याच्या किंवा लिंबाच्या वाळक्या साली – ५० ग्रॅम.

याशिवाय माका, ब्राह्मी, जास्वंदीची पाने व फुले, कडुलिंबाचा पाला किंवा वाळा घालण्याचीही पद्धत आहे. ओला पाला सावलीत पूर्ण वाळवूनच मिसळावा लागतो. त्यात ओल राहिल्यास सर्व चूर्णाला बुरशी येते.

तयार करण्याची पद्धत

सर्व जिन्नस निवडून त्यांतील काड्या व माती काढून टाकतात. रिठे फोडून आतील काळी, टणक बी काढतात. शिकेकाईच्या शेंगांतील बियाही काढल्यास चूर्ण कमी भरड होते; सॅपोनिन मुख्यतः टरफलात असल्याने बिया काढून टाकल्याने गुण कमी होत नाही. नंतर जिन्नस दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. शेंग हाताने मोडली असता कट्‌कन आवाज होऊन तुटली, म्हणजे ती दळण्यास योग्य झाली असे समजतात.

पूर्वी हे मिश्रण उखळात कुटून वस्त्रगाळ करीत. आता ते बहुधा मसाला कांडणाऱ्या गिरणीतून आणतात. धान्याच्या जात्यावर किंवा पिठाच्या गिरणीत ते दळत नाहीत, कारण मागे राहिलेली भुकटी पुढच्या पिठात उतरून पीठ कडू होते. घरी मिक्सरवर थोडे थोडे दळता येते. दळल्यावर भुकटी खाली बसेपर्यंत झाकण उघडू नये. ही भुकटी नाकात गेल्यास शिंका व खोकला येतो, म्हणून नाकातोंडावर फडके बांधणे आवश्यक असते.

वापरण्याची पद्धत

मध्यम लांबीच्या केसांसाठी दोन मोठे चमचे चूर्ण सुमारे अर्धा लिटर पाण्यात रात्री भिजत घालतात. सकाळी मंद आचेवर सुमारे दहा मिनिटे उकळून ते कोमट होऊ देतात आणि पातळ सुती कापडातून गाळतात. न गाळता लावल्यास भुकटीचे कण केसांत अडकून राहतात. चूर्ण नसल्यास अख्ख्या शेंगा ठेचून, भिजवून व उकळूनही पाणी तयार करता येते.

हे पाणी ओल्या केसांच्या मुळांशी चोळून दोन-तीन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतात. केसांना तेल जास्त लावलेले असल्यास ही क्रिया दोनदा करावी लागते. शाम्पूच्या मानाने फेस कमी येतो. परंतु फेसाचे प्रमाण हे स्वच्छतेचे माप नव्हे. फेस वाढावा म्हणून काही जण खाण्याचा सोडा मिसळतात. त्यामुळे पाणी अल्कधर्मी होते व शिकेकाईचा मूळ लाभच नाहीसा होतो.

आवळा असलेले मिश्रण लोखंडी कढईत उकळल्यास काळे पडते. आवळ्यातील टॅनिन व लोह यांचा संयोग हे त्याचे कारण होय. केसांना काळसर छटा यावी म्हणून हे मुद्दाम केले जाते. तथापि ही छटा वरवरची असते आणि पंचे व कपडे डागाळतात.

साठवण

कोरडे चूर्ण घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवतात व कोरड्या चमच्यानेच काढतात. त्यास कुबट वास आला, गाठी झाल्या किंवा बुरशी दिसली तर ते टाकून द्यावे लागते. उकळलेल्या पाण्यात कोणतेही परिरक्षक द्रव्य नसल्याने त्यात जंतू वेगाने वाढतात. म्हणून ते त्याच दिवशी वापरणे इष्ट असते; शीतकपाटातही ते एक-दोन दिवसांपलीकडे ठेवत नाहीत.

दक्षता

वनस्पतिजन्य पदार्थ निरुपद्रवीच असतो, हा समज शिकेकाईच्या बाबतीत खरा नाही.

• डोळे : सॅपोनिनमुळे डोळ्यांची तीव्र आग होते. पाणी डोळ्यांत गेल्यास डोळे न चोळता सुमारे पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. दुखणे, लाली किंवा अंधुक दिसणे कायम राहिल्यास डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. लहान मुलांना न्हाऊ घालताना त्यांचे डोके मागे झुकवून पाणी ओततात.
• श्वसन : दमा असलेल्या व्यक्तींनी चूर्ण कुटण्यापासून किंवा चाळण्यापासून दूर राहणे योग्य ठरते.
• अ‍ॅलर्जी : पहिल्या वापरापूर्वी थोडे पाणी कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस त्वचेवर लक्ष ठेवतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेथीचाही त्रास होऊ शकतो.
• पोटात जाणे : केस धुण्याचे चूर्ण पिण्यासाठी नसते. खाण्याच्या डब्यांपासून ते वेगळे व नाव लिहून ठेवावे लागते.
• जलचर : सॅपोनिन माशांना घातक असल्याने हे पाणी तळ्यात किंवा मत्स्यपालनाच्या टाकीत सोडू नये.

समज आणि वस्तुस्थिती

शिकेकाई ही स्वच्छता करणारी वस्तू आहे. ती केसांच्या विकारांवरील सिद्ध औषध नव्हे. केस पांढरे होणे व टक्कल पडणे यांत आनुवंशिकता, वय व संप्रेरके यांचा मोठा भाग असतो. केस अकस्मात गळू लागण्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, बाळंतपण किंवा दीर्घ ज्वर अशी कारणे असू शकतात. केवळ धुण्याचे द्रव्य बदलल्याने ही कारणे दूर होत नाहीत. घरगुती उपायांत महिने गेल्यास मूळ आजाराचे निदान लांबते. कोंड्याचा संबंध टाळूवरील मॅलेसेझिया या बुरशीशी असतो. शिकेकाईने सुटे पापुद्रे धुऊन निघतात, परंतु हट्टी कोंड्यास औषधोपचार लागतात.

सांस्कृतिक संदर्भ

मराठीत ‘न्हाणे’ या क्रियापदाचा एक रूढ अर्थ डोक्यावरून स्नान करणे असा आहे, आणि शिकेकाई ही या न्हाण्याशी जोडलेली वस्तू होय. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगाला तेल व उटणे आणि केसांना शिकेकाई लावण्याची प्रथा आहे. उटण्यातही नागरमोथा, गवला व कचोरा हे जिन्नस असल्याने दोन्हींची तयारी अनेक घरांत एकत्रच होत असे.

म्यानमारमध्ये शिकेकाईच्या शेंगा व तायाव नावाच्या झाडाची साल एकत्र करून केस धुतात. नववर्षाच्या थिंज्यान सणात अशा केशस्नानाला विशेष महत्त्व असते. उत्तर थायलंडमध्ये हिला सोम पोई म्हणतात व सोंगक्रान या नववर्षाच्या सणात तिच्या शेंगांचे पाणी वापरतात.

सद्यस्थिती

शिकेकाईच्या शेंगा मुख्यतः जंगलातून गोळा केल्या जातात आणि गौण वनोपज म्हणून आदिवासी संकलक त्या बाजारात आणतात. १९८०च्या दशकात शाम्पूच्या लहान पुड्या स्वस्तात मिळू लागल्या आणि घरी चूर्ण करण्याची पद्धत मागे पडत गेली. तयार चूर्ण व शिकेकाईयुक्त शाम्पू आज सर्वत्र मिळतात. तथापि शिकेकाईयुक्त शाम्पूत मळ काढण्याचे काम बहुधा कृत्रिम प्रक्षालक करतात व शिकेकाईचा अर्क अल्प प्रमाणात असू शकतो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्यास हा फरक लक्षात येतो.

हेही पाहा

रिठा, आवळा, नागरमोथा, माका, उटणे, सॅपोनिन