जठराचा कर्करोग आणि रक्त गोठविणारी प्रथिने

पॅरिसमधील ओतेल-द्यू रुग्णालयातील विख्यात वैद्य आर्मां ट्रूसो हे १८६० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत. रुग्णाच्या शिरांमध्ये उघड कारण नसताना गुठळ्या होऊ लागल्या आणि पोटातील दुखण्याचे निदान होत नसेल, तर कर्करोगाची शंका घ्यावी. १८६७ च्या प्रारंभी त्यांना स्वतःच्याच शिरेत अशी गुठळी आढळली. आपल्या आजाराविषयी आता संशय उरला नाही, असे त्यांनी शिष्याला सांगितले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ट्रूसो यांना दिसलेल्या या संबंधामागील कार्यकारणभाव आता बराच उलगडला आहे. जखम झाल्यावर रक्त गोठण्याची साखळी 'टिश्यू फॅक्टर' या प्रथिनापासून सुरू होते. एरवी हे प्रथिन रक्तप्रवाहाच्या बाहेर, ऊतींमध्ये असते. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र ते आपल्या पृष्ठभागावर बाळगतात. त्यामुळे जखम नसतानाही साखळी सुरू होते, थ्रॉम्बिन तयार होते आणि ते यकृतात बनणाऱ्या फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करते. हे धागे आणि बिंबिका यांचे आवरण रक्तात शिरलेल्या कर्कपेशींना संरक्षक पेशींपासून लपविण्यास मदत करते. म्हणजे गुठळी हा रोगाचा केवळ परिणाम नसून त्याच्या प्रसाराला तिचा हातभारही लागतो.

या साखळीतील दोन घटक साध्या रक्ततपासणीत मोजता येतात. पहिला फायब्रिनोजेन, निरोगी माणसात त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. दुसरा डी-डायमर. गुठळी विरघळताना फायब्रिनचे जे तुकडे पडतात, त्यांपैकी हा एक. तो वाढलेला असेल तर शरीरात कोठेतरी फायब्रिन तयार होऊन विरघळत आहे, एवढेच सूचित होते. कोठे आणि कशामुळे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

जठराच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्व आशियात मोठे असल्याने या विषयावरील बरेचसे अभ्यास चीन आणि जपानमधून आले. शस्त्रक्रियेपूर्वी फायब्रिनोजेन वा डी-डायमर वाढलेले असणाऱ्या रुग्णांचे आयुर्मान इतरांहून कमी राहते, असे त्यांतील अनेकांत दिसून आले. गाठ जठराच्या भिंतीत जितकी खोल आणि लसिका-ग्रंथींत जितकी पसरलेली, तितके हे आकडे वाढते असतात.

तरीही रोगाची पायरी ठरविताना या प्रथिनांना अधिकृत स्थान मिळालेले नाही. गाठीची खोली, ग्रंथी आणि दूरचा प्रसार या तीन गोष्टींवरच ती ठरते. अडचण अशी की, फायब्रिनोजेन कोणत्याही दाहात वाढते. डी-डायमर तर जंतुसंसर्ग, गर्भारपण, शस्त्रक्रिया आणि नुसत्या वाढत्या वयातही वाढते. २०२० आणि २०२१ च्या कोरोना साथीत हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते याच कारणाने. शिवाय 'जास्त' कशाला म्हणावे, याची मर्यादा प्रत्येक अभ्यासाने निराळी धरली. अहवालातला वाढलेला आकडा पाहून कर्करोगाचे निदान करता येत नाही, आणि रुग्णाचे उरलेले आयुष्यही मोजता येत नाही.

गुठळ्यांचा हातभार असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधे देऊन आयुष्य वाढेल काय, हा प्रश्न ओघानेच येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे २,२०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये हेपारिनच्या एका प्रकाराची चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गुठळ्या कमी झाल्या, आयुर्मान वाढले नाही.

रोजच्या व्यवहारात उपयोग होतो तो गुठळीचा धोका ओळखण्यासाठी. २००८ मध्ये अमेरिकेतील डॉ. आलोक खोराना यांनी केमोथेरपीपूर्वी वापरावयाची गुणपद्धती मांडली. तीत जठर व स्वादुपिंडाच्या कर्करोगाला सर्वाधिक, म्हणजे दोन गुण आहेत. बिंबिका साडेतीन लाख वा अधिक, हिमोग्लोबिन दहाच्या खाली, पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर आणि अतिस्थूलता यांना प्रत्येकी एक. तीन गुण झाले की धोका मोठा. जठराच्या रुग्णाला त्यासाठी आणखी एकच बाब पुरते. मूळ यादीत गोठण्याचे एकही प्रथिन नव्हते. २०१० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी तीत डी-डायमर आणि पी-सिलेक्टिन यांची भर घातली, तेव्हा धोका अधिक नेमका ओळखता आला. मात्र अशा रुग्णाचा एक पाय अचानक सुजला किंवा धाप लागली, तर डी-डायमरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. तो बहुधा आधीच वाढलेला असतो. पायाची डॉपलर सोनोग्राफी किंवा छातीचा सीटी स्कॅन त्याच दिवशी करावा लागतो.