कडेवरची किंमत

लक्ष्मीपूजनाच्या ताटात नाणी मांडताना आपण त्यांची तोंडे पाहतो, कडेकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण पाडव्याच्या रात्री पैशांऐवजी रंगीत चकत्या लावून पत्ते खेळणाऱ्यांना विचारा! त्या चकत्यांच्या कडेवर निरनिराळे ठिपके असतात. चकत्यांची चळत रचली म्हणजे दिसते ती कडच. तेवढ्यावरून कोणती चकती किती मोलाची, हे कळावे लागते. टाकसाळीपुढे हाच प्रश्न फार जुना आहे. फरक इतकाच, की तिथे डाव खराखुरा असतो आणि खेळणाऱ्यांत निरक्षर असतात, अंधही असतात.

पेशवाईतले रुपये हाताने ठोकलेले. त्यांची कड ओबडधोबड. कोणी तिथली गुंजभर चांदी खरवडून घेतली, तरी डोळ्यांना पत्ता लागत नसे. सराफ तराजू काढी आणि बट्टा कापी. १८३५ साली कंपनी सरकारने एका छापाचा, १८० ग्रेन म्हणजे एक तोळा वजनाचा रुपया यंत्रावर पाडला आणि त्याच्या कडेला बारीक दाते घातले. आता कानस फिरली की दाते जात, चोरी तत्काळ उघडी पडे. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला ‘कलदार’ म्हणू लागले. आमच्या सोलापूरच्या शेजारी, तुळजापुराकडे, निजामाचा मुलूख होता. तिथे हाली शिक्का चाले. सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब सीमेवरच्या माणसाला तोंडी करावा लागे.

रुपयाचे रक्षण झाले, पण खुर्द्याचे काय? चांदीची दुअन्नी इतकी चिमुकली, की ओच्यातून पडली तर सापडायची नाही. १९०७ साली निकेल-तांब्याच्या मिश्रणाचा एक आणा आला. त्याच्या कडेला बारा कंगोरे होते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये चौकोनी दुअन्नी निघाली. मागोमाग १९१९ मध्ये अष्टकोनी पावली. दिवा नसलेल्या खोलीतही आणा कोणता नि दुअन्नी कोणती, हे बोट सांगे. अक्षरओळख नसलेल्यांना ही वर्णमाला पुरत होती.

ती १९५७ साली विसकटली. १ एप्रिलला दशमान पद्धत आली; चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे नेमके झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असा हिशेब ठरला. नवे पाच पैसे चौकोनी होते आणि जुनी दुअन्नीही चौकोनीच. काही काळ दोन्ही एकाच पिशवीत नांदली. तरी आकारांची परंपरा सरकारने सोडली नव्हती. दोन नि दहा नव्या पैशांना कंगोरे होते, पंचवीस नि पन्नासांच्या कडेला दाते होते. थोड्याच दिवसांत बोटे नवा धडा शिकली.

आमची आजी विड्या वळायची. उतारवयात मोतीबिंदूने दोन्ही डोळे अधू झाले, तरी मजुरीची चिल्लर ती स्वतः मोजून घ्यायची. अकरा कोनांचे दोन रुपये अंगठ्याखाली फिरवून बाजूला ठेवायची. पाच रुपयांचे जाड नाणे कडेवरच्या खाचेवरून ओळखायची. २००५ नंतर दोन रुपये गोल झाले. रुपयाच्या आणि त्याच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक! एकदा एका दुकानदाराने दोनच्या जागी एक-एक रुपया तिच्या हातावर ठेवला. घरी आल्यावर आम्ही ते सांगितले. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चिल्लरीची पिशवी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “बाळा, आता तूच मोज.” सहा-सात रुपयांची ती चूक; पण त्या दिवशी आजीचा व्यवहार तिच्या हातून गेला.

२०१९ च्या मार्चमध्ये अंधांचा विचार करून घडवलेली नवी नाणी प्रसिद्ध झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्यांचे रूप ठरविण्यास साहाय्य केले. किंमत वाढेल तसे वजन नि आकार वाढतो, आणि वीस रुपयांच्या नाण्याला बारा कोन आहेत. ते पहिल्यांदा हाती आले, तेव्हा मी डोळे मिटून ते अंगठ्याखाली फिरवले. कोन मोजता आले.

आजी तोवर राहिली नव्हती. दर दिवाळीला लक्ष्मीच्या ताटात मी ते नाणे ठेवतो, आणि घरातल्या मुलांना सांगतो, “आधी डोळे मिटा, मग किती रुपये आहेत ते सांगा.”