ई-लर्निंग अभ्यासक्रमांची खरेदी आणि सुसंगततेची कसोटी

तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाने ई-लर्निंगचा अभ्यासक्रम विकत घ्यावयाचे ठरविले, की चर्चा प्रामुख्याने दोनच गोष्टींची होते: किंमत आणि पडद्यावरील चित्रांची आकर्षकता. तो अभ्यासक्रम संस्थेच्या स्वतःच्या शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजेच एलएमएसमध्ये, चालेल काय आणि विक्रेता बदलल्यावरही चालत राहील काय, हा प्रश्न बहुधा पैसे दिल्यानंतरच उपस्थित होतो. अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेल्हाऱ्यासारख्या ठिकाणी तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण फसलेली खरेदी निस्तरण्यासाठी दुसरा निधी अशा ठिकाणी सहजासहजी उभा राहत नाही.

महाराष्ट्रात संगणक शिक्षण गावोगावी पोहोचविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (एमकेसीएल) ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाला जाते. त्यात पाठ आणि ते चालविणारी प्रणाली एकाच घरची असल्याने केंद्रचालकांना सुसंगततेची चिंता वाहावी लागली नाही. संस्था स्वतःची प्रणाली उभारते आणि पाठ मात्र अन्य कंपनीकडून विकत घेते, तेव्हा परिस्थिती पालटते. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘मूडल’ हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य असल्याने अनेक महाविद्यालये त्याचाच आधार घेतात.

पाठ आणि प्रणाली यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न विमान उद्योगाने केला. त्यासाठी १९८८ मध्ये ‘एआयसीसी’ ही समिती स्थापन झाली. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘एडीएल’ उपक्रमातून ‘स्कॉर्म’ हे मानक आले. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मधील असून ‘स्कॉर्म २००४’ ही तिच्या पुढची. एआयसीसी २०१४ मध्ये विसर्जित झाली; त्यामुळे आजच्या माहितीपत्रकात तिच्या नव्या प्रमाणपत्राचा दावा आढळल्यास त्याला काही अर्थ नाही.

स्कॉर्मचा अभ्यासक्रम म्हणजे एक झिप फाइल असते. तिच्यात ‘आयएमएस-मॅनिफेस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल सर्वांत वरच्या पातळीवर असावी लागते. पाठांची यादी आणि मांडणी प्रणाली तिच्यावरूनच जाणून घेते. पाठ सुरू झाल्यावर तो विद्यार्थ्याचे गुण, लागलेला वेळ आणि तो कोठे थांबला, ही माहिती प्रणालीकडे पाठवितो.

खरी मेख आवृत्त्यांमध्ये आहे. १.२ मध्ये ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात नोंदविल्या जातात. २००४ मध्ये त्या स्वतंत्र झाल्या. विद्यार्थी कोठे थांबला हे साठविण्यास १.२ मध्ये ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. २००४ च्या २००६ मधील तिसऱ्या संस्करणात ती ६४,००० झाली. अभ्यासक्रम लांबलचक असेल, तर जुन्या मर्यादेत नोंद मावत नाही आणि विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या पानावरून प्रारंभ करावा लागतो. उलटपक्षी, केवळ नवे म्हणून २००४ चा आग्रह धरणेही शहाणपणाचे नव्हे. पाठांचा क्रम ठरविणारे त्यातील नियम मूडलमध्ये पूर्णपणे राबविले जात नाहीत. मूडल वापरणाऱ्या संस्थेस बहुधा १.२ चेच पॅकेज अधिक सोयीचे पडते.

‘स्कॉर्म सुसंगत’ हे दोन शब्द छापणे सोपे आहे. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरील प्रात्यक्षिकाने काहीही सिद्ध होत नाही. एका पूर्ण पाठाचे पॅकेज मागून घ्यावे, ते ‘स्कॉर्म क्लाउड’सारख्या त्रयस्थ प्रणालीत चालवून पाहावे आणि मग संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर. भारनियमनाचा अनुभव असलेल्या वऱ्हाडात आणखी एक परीक्षा अनिवार्य मानावी: पाठ अर्ध्यावर असताना संगणकाची वीज सरळ बंद करावी. पुन्हा सुरू केल्यावर तोवरचे गुण आणि जागा सापडत नसेल, तर पाठ मधूनमधून नोंद जतन करीत नाही, असे समजावे. असा पाठ कितीही देखणा असला, तरी परत करावा.

इंटरनेट वारंवार खंडित होत असल्यास ‘एक्स-एपीआय’चा (२०१३) विचार करता येतो. त्यात नोंदी उपकरणातच साठवून जोडणी मिळाल्यावर पाठविण्याची सोय करता येते. ‘सीएमआय-५’ (२०१६) हे त्याचेच एलएमएससाठी बांधलेले रूप होय. मात्र संस्थेची प्रणाली ते स्वीकारते काय, हे आधी तपासले पाहिजे.

मराठी अभ्यासक्रमांची एक अडचण कोणत्याही परदेशी मानकात सापडत नाही. जुन्या पाठांतील मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असतो. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते. परीक्षा सोपी आहे: पाठातील एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावी. मग उत्तराच्या चौकटीत ‘तेल्हाऱ्याचा’ हा शब्द टाइप करावा. अर्ध्या ‘र’ऐवजी रफार उमटला, तर देवनागरीची हाताळणी कच्ची आहे. गावाचे नावच अशा रीतीने कसोटीला उपयोगी पडावे, हा योगायोग मौजेचा!

फ्लॅशचा धडा ताजाच आहे. २००० च्या दशकातील असंख्य पाठ ‘फ्लॅश’मध्ये बनले होते. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा थांबविला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये मजकूर चालणेच बंद झाले. स्कॉर्मचे वेष्टन निर्दोष असूनही आतला पाठ ब्राउझरमध्ये उघडेना. म्हणून वेष्टनासोबत आतील तंत्रही एचटीएमएल-५ मध्येच असल्याची लेखी हमी घ्यावी.

करारनाम्यात मानकाचे नाव आवृत्तीसह नमूद असावे. झिप फाइल संस्थेच्या सर्व्हरवर राहील की पाठ विक्रेत्याच्याच सर्व्हरवरून येईल, हेही स्पष्ट हवे. दुसऱ्या पद्धतीत वर्गणी संपताच पाठ नाहीसे होतात. दुरुस्तीसाठी मूळ फाइली, त्या अन्य प्रणालीत नेण्याचा हक्क आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात परत मिळण्याची तरतूद या तीन बाबी वाटाघाटीत सर्वप्रथम वगळल्या जातात, आणि नेमक्या त्यांच्यावरच अडून राहावे. शालेय विषयांचे पाठ हवे असल्यास २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ मंचावरील विनामूल्य साहित्य आधी पाहणे इष्ट. शेवटचा हप्ता संस्थेच्या सर्व्हरवरील चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच द्यावा, आणि त्या चाचणीचे निकष निविदेतच छापलेले असावेत.