दीपमाळ: पळीभर तेलाची कुळकथा

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. ठाणे जिल्ह्यातलं इतकं देखणं दगडी काम दुसरं नाही. शिलाहारांच्या कारागिरांनी त्या भिंतींवर कोरायचं काही बाकी ठेवलेलं नाही. पण शंकराच्या देवळापुढे जी असणारच असं आज आपण धरून चालतो, ती दीपमाळ त्या मूळ बांधणीत नाही. यादवांच्या काळातल्या बहुतेक जुन्या देवळांची हीच गत. तिथे दीपमाळ दिसलीच, तर ती पुढे कधीतरी कुणी नवस फेडायला किंवा जीर्णोद्धाराच्या वेळी उभी केलेली असते. तिचा दगड निराळा असतो, घडाई निराळी असते आणि गाभाऱ्याशी तिची रेषही कधी कधी जुळत नाही.

थोडक्यात, दीपमाळ देवळाहून बरीच धाकटी. कार्तिकी पौर्णिमेला दिवे लावायची रीत मात्र तिच्याहून फार जुनी. हा खांब कुठून आला हे शोधायचं, तर आधी त्या दिव्यांकडे जावं लागतं.

मुरबाड सोडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावडे येतं. पुढे वैशाखरे, आणि समोर सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीत नाणेघाटाची खिंड आणि तिच्या बाजूला नानाचा अंगठा. दक्षिणेकडे गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड, आणि सिद्धगडाच्या पलीकडे वर भीमाशंकरचं रान. दिवाळी उलटली की इथली हवा पालटते. भात कापून झालेलं असतं, खळ्यावर झोडणी चाललेली असते, माळावर खुरासणीची पिवळी फुलं असतात आणि सूर्य कलला की डोंगराकडून गार वारा खाली उतरतो. कल्याणला पंखा चालू असतो तेव्हा इथे माणसं कानटोपी शोधतात. वारकरी गावांत कोजागरीपासून पहाटेचा काकडा सुरू झालेला असतो. महिनाभर त्या थंडीत उठून आरती करायची आणि त्रिपुरी पौर्णिमेला समाप्ती. त्याच संध्याकाळी देवळापुढे दिवे लागतात. हिवाळ्यातला, उघड्या आभाळाखालचा, गावानं मिळून करायचा दिव्यांचा सण म्हणाल तर आमच्याकडचा तो हाच.

त्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तारकासुराला तीन मुलगे होते: तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली. मयासुरानं त्यांना तीन नगरं बांधून दिली, सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं. तिन्ही आभाळात फिरायची आणि हजार वर्षांतून एकदाच एका रेषेत यायची. त्या एका क्षणी एकाच बाणात तिन्ही जाळणाऱ्याच्याच हातून त्यांचा नाश होणार होता. महाभारताच्या कर्णपर्वात ही कथा आहे, पुराणांतही आहे. पृथ्वी रथ झाली, ब्रह्मदेव सारथी झाला, विष्णू बाण झाला आणि शंकरानं तिन्ही पुरं जाळली. आमच्या बाजूला ही गोष्ट दूरच्या कुठल्या देशात घडत नाही. त्रिपुरासुराशी लढून दमलेला महादेव भीमाशंकरला बसला आणि त्याच्या घामाची भीमा नदी झाली, असं तिथलं स्थानमाहात्म्य सांगतं. म्हणजे टोकावड्याहून दिसणाऱ्या डोंगररांगेच्या माथ्यावरच ही कथा येऊन विसावली आहे. दिवे लावणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय करतो आहोत हे ठाऊक असतं. जळणारं त्रिपूर तो देवापुढे पुन्हा उभं करतो. घराघरांतल्या बायका साडेसातशे वातींची जुडी करून तुपात भिजवतात आणि ती त्रिपुरवात शंकरापुढे लावतात. त्यामागे हेच आहे.

दुसरा धागा पितरांचा आहे. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उंच बांबूवर दिवा चढवायचा, तो आकाशदीप. वरच्या वाटेनं जाणाऱ्यांना उजेड व्हावा ही त्यामागची समजूत. आपण दाराबाहेर टांगतो तो आकाशकंदील याच घराण्यातला. दिवा उंच न्यायचा, तो लांबून दिसला पाहिजे, ही ओढ इथून आली असं मला वाटतं. जमिनीवरच्या पणत्यांना खांबाची गरज नसते. आकाशदीपाला असते. तमिळ देशात तिरुवण्णामलैला कार्तिकातच डोंगराच्या माथ्यावर मोठा दीप लावतात आणि तो कित्येक कोस दिसतो. ओढ तीच, फक्त तिथे खांबाचं काम डोंगरच करतो.

तिसरा धागा खांबाचा. देवळापुढे खांब उभा करायची चाल जुनी आहे. विष्णूपुढे गरुडखांब, दक्षिणेत ध्वजस्तंभ, जैनांचा मानस्तंभ. वेरूळच्या लेण्यांत असे खांब आहेत. पण त्यांवर दिवे ठेवायची सोय नसे. त्या खांबाला खालपासून वरपर्यंत दगडी हात फुटले, प्रत्येक हातावर दिव्याला जागा झाली, तेव्हा दीपमाळ जन्मली. तिचा खरा बहर मराठेशाहीतला. सतराव्या-अठराव्या शतकांत जीर्णोद्धार झालेल्या देवळांपुढे त्या एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही अंगांना नवसाच्या दीपमाळाच दीपमाळा लागतात. मोहिमेवरून परतलेल्या सरदारानं देवापुढे काय ठेवावं, याचं त्या काळानं दिलेलं हे उत्तर होतं.

गोव्यात नार्व्याचं सप्तकोटेश्वर पाहा. तिथल्या शिलालेखात शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं देवालयाचं काम सुरू झाल्याची तिथी आहे: शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे १६६८ साल. त्रिपुरी पौर्णिमा होऊन पाचच दिवस झाले होते. त्या देवळापुढेही दीपस्तंभ आहे. गोव्यात या वस्तूनं रूप मात्र बदललं. घाटावर आणि घाटाखाली मुरबाडसारख्या मुलखात काळा पाषाण, म्हणून दीपमाळ गोल, वर निमुळती होत जाणारी, हात बाहेर काढलेली. गोव्यात जांभा आणि चुना, म्हणून तिथे अष्टकोनी, मजल्यांची, कोनाडे ठेवलेली, पांढरी. मंगेशीचा दीपस्तंभ सात मजल्यांचा आहे. त्याच्या कमानींत शेजारच्या चर्चच्या मनोऱ्याची ओळख पटते. देव तेच, दिवे तेच, पण गवंड्याच्या हाताला जे वळण पडलं होतं ते उतरलंच.

आता या सगळ्याच्या मुळाशी जे आहे त्याकडे येतो. दगड एकदाच घडवावा लागतो. तेल दर वर्षी लागतं. म्हणूनच दीपमाळेचा खरा इतिहास घाण्यावर लिहिलेला आहे, असं मी म्हणेन. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची ती नोंद. त्यातल्या मराठी भागात दर घाण्यामागे पळी पळी तेल द्यावं असं ठरवून दिलं आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मराठीत ही पळी आहे. राजानं जमीन दिली, पण दिवा तेवत ठेवायचा तर प्रत्येक तेल्याच्या घाण्यातून थोडं थोडं यायला हवं, हे तेव्हाच्या माणसांना नीट कळत होतं.

दिव्याचं तेलही खाण्याच्या तेलाहून वेगळं असे. खुरासणीचं, तिळाचं तेल चुलीजवळ. दिव्याला करंजेल. करंजाच्या बियांचं हे तेल कडू, जेवणात चालत नाही, आणि म्हणूनच दिव्याला परवडतं. किनारपट्टीत उंडीचं. मोह जिथे आहे तिथे मोहाच्या बियांचं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायांनी रानातून बिया वेचून आणायच्या, सुकवून फोडायच्या, मग घाण्यावर. देवापुढच्या उजेडात त्यांचा वाटा किती मोठा आहे, हे कुठल्याही दीपमाळेवरच्या लेखात सापडत नाही. नाव कोरलेलं असतं सरदाराचं.

दीपमाळ पेटवणं हे कसबाचं काम आहे. दुपारी चौथरा झाडून धुवून घेतात. जुन्या सुती कापडाचे बोळे वळून तेलात बुडवून ठेवतात, कारण उघड्यावरच्या वाऱ्यात पणतीची बारीक वात टिकत नाही. बोळा टिकतो. तिन्हीसांजेला अंगानं हलका असलेला पोरगा दगडी हातांवर पाय देत शेंड्यापर्यंत जातो. खालून तेलाचं भांडं हातोहात वर सरकतं. पेटवायचं ते वरून खाली. उलट केलं तर उतरताना ज्वाळांतून यावं लागेल. एक हात पेटवला की पायाखालच्या हातावर उतरायचं, तिथला बोळा लावायचा, पुन्हा खाली. शेवटच्या रांगेशी तो पोचेपर्यंत वरचा दगड तापलेला असतो आणि तेलाचे ओघळ खांबावरून खाली येत असतात. वर्षानुवर्षांच्या त्या ओघळांनी जुन्या दीपमाळेवर एक काळा, तुकतुकीत थर चढतो. दगडाला नख लावलं तर आजही बोट तेलकट होतं.

आणि पौर्णिमाच का? उजेडाचा सण भर चांदण्यात कशाला, असं कुणीही विचारील. कथेचं उत्तर तयार आहे. मला त्यापुढे एक साधं कारण दिसतं. वाड्यापाड्यांवरून देवळाला आलेली माणसं रात्री बांधावरून, खाचरातून परत जाणार. अमावास्येला ते कठीण. पौर्णिमेला पोरंबाळं घेऊन चालत घरी जाता येतं. थायलंडमधल्या लोकांचा नदीत दिवे सोडायचा लॉय क्राथोंगही बहुधा याच पौर्णिमेला येतो.

तेलाच्या दिव्याला आधी रॉकेलनं मागे सारलं, मग विजेनं. पण वीज या भागात सरळ आली नाही. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. सह्याद्रीच्या पावसाची वीज तारांवरून मुंबईला जात होती आणि डोंगरातली गावं चिमणीवरच होती. १९४२ साली स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले ते मुंबईच्या गिरण्या थांबवायला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. आजही त्या दिवशी, ऐन थंडीत, माणसं सिद्धगडावर जमतात. ज्यांच्या डोक्यावरून उजेड दुसरीकडे गेला, त्या गावांनी देवापुढचा तेलाचा दिवा जपून ठेवला.

आज मोठ्या ठिकाणी त्रिपुरीचा सण उलट वाढला आहे. कोल्हापूरला पंचगंगेचा घाट पहाटे हजारो पणत्यांनी भरतो. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात दिवे लावलेल्या सजवलेल्या होड्या सुटतात. मुंबईत बाणगंगेच्या पायऱ्या उजळतात. फ्रान्समधल्या लियोंमध्ये १८५२ साली ८ डिसेंबरला मेरीच्या पुतळ्यासाठी लोकांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तिथे आता विजेच्या खेळांचा जगप्रसिद्ध उत्सव भरतो, पण घराघरांच्या खिडक्यांतले छोटे दिवे लोकांनी सोडलेले नाहीत. आपणही हे करू शकतो.

खेड्यांतल्या लहान दीपमाळांची मात्र मला काळजी वाटते. जीर्णोद्धाराच्या नावानं त्यांवर ऑइलपेंट चढतो, हातांवरून रंगीत एलईडीच्या माळा गुंडाळल्या जातात, आणि खिळे ठोकताना दगडाचा कंगोरा उडतो. माळ लावायला एकच माणूस पुरतो आणि ती दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तशीच लटकते. तेल गोळा करायला घरोघर जावं लागतं. दारोदारचं ते तेल हाच तर हा सण होता.

म्हणून मुरबाड-शहापूरच्या गावकऱ्यांना एक विनंती. दीपमाळेला रंग देऊ नका, तो काळा थर घासून काढू नका, तिच्यात खिळा ठोकू नका. वीज सभामंडपात असू द्या. वर्षातून एक संध्याकाळ खांबावर तेलच जळू द्या, आणि ते तेल देवस्थानच्या पावतीपुस्तकातून न आणता घराघरांतून मागून आणा. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे, २०२५ च्या मानानं बरीच उशिरा. तोवर थंडी चांगली पडलेली असेल. घोंगडी घ्या, पोरांना घ्या आणि पळीभर तेल घेऊन देवळाशी या.