पूर्वसूरींचे ऋण: महाराष्ट्रातील छायाचित्रकार कसे शिकले

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा छायाचित्रणाची कला जगासमोर येऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या भारतीय सभासदांपैकी होते. पुढच्याच वर्षी संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. भारतीय माणसाने उघडलेल्या इथल्या पहिल्या काही स्टुडिओंमध्ये त्याची गणना होते. आपल्या आधी हे काम केलेल्या माणसाची चित्रे निरखायची आणि त्यातून आपली वाट काढायची, ही रीत इथल्या छायाचित्रणात अशी सुरुवातीपासूनच आहे. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीकडून नेमके काय घेतले, हा मात्र प्रत्येक वेळी वेगळा तपासण्याचा विषय आहे.

सगळ्यात सहज उचलला जातो तो साचा. विल्यम जॉन्सन या मुंबईतील छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, अशी जोडकामे बरीच आहेत. माणूस पोशाखासह उभा करायचा, खाली जातीचे नाव छापायचे, त्याचे स्वतःचे नाव मात्र द्यायचे नाही, असा हा घाट होता. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या मालिकेने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर आणि पर्यटनाच्या जाहिरातींवर हाच घाट फिरत राहिला. तो कोणाचा, हे माहीत नसतानाही लोक त्याची नक्कल करत आले. नकळत घेतलेली प्रेरणा सर्वांत घातक ठरते, कारण तिची छाननीच होत नाही.

याउलट अजिंठ्याची कथा आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाले. मधल्या काळात, १८५६ च्या सुमारास, गिल यांच्या हाती कॅमेरा आला होता. त्यांनी घेतलेल्या ७४ छायाचित्रांसह फर्ग्युसन यांचे लेणी-मंदिरांवरचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. स्टिरिओस्कोपिक म्हणजे जोडचित्रांचे त्यांचे दुसरे पुस्तकही त्याच साली आले. वऱ्हाडातील लोणारच्या देवळांपर्यंत त्यांचा कॅमेरा पोचला होता. १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळला आहे.

गिल यांच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जात राहिले. त्यांच्याही अनेक प्रती लंडनमध्ये १८८५ साली आगीत गेल्या. शिवाय, रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर चढवलेले व्हार्निश काळवंडत गेले आणि विसाव्या शतकात ते काढण्यासाठी इटालियन तज्ज्ञ बोलवावे लागले. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात नकला करायला आल्या. त्यांच्या मदतनीसांत तरुण नंदलाल बोस होते. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रांसह अजिंठ्याचे खंड प्रसिद्ध केले. छायाचित्रकार बिनॉय बहल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेले, तेव्हा त्यांच्यासमोर ही सगळी परंपरा होती. त्यांनी फ्लॅश किंवा प्रखर दिवे वापरले नाहीत. लेण्यातला मंद उजेड पुरेसा मानून त्यांनी शटर दीर्घकाळ उघडे ठेवले आणि भिंतीवरचे रंग प्रथमच इतके खरे उमटले. दीडशे वर्षे तीच चित्रे टिपली जात होती. तरी प्रत्येकाने आधीच्याचे अपुरेपण पाहूनच आपले काम आखले. पूर्वसूरींच्या चुका वाचता येणे हादेखील प्रेरणेचाच भाग आहे, आणि अजिंठ्याइतका त्याचा ठळक पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळेल.

विसाव्या शतकात छापील नियतकालिके हीच अनेकांची शाळा झाली. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) जे. जे. मध्ये शिकत असताना ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे जुने अंक पाहत. कॅमेरा हाताळायला त्यांना माणेकशा व्यारावाला यांनी शिकवले. पण रोजच्या जगण्यातली हालचाल, रस्ता, कामाला निघालेल्या मुली हेही चित्राचे विषय असू शकतात, ही जाणीव त्या अंकांतून आली असणार. त्यांची मुंबईतील सुरुवातीची छायाचित्रे पाहिली की ‘लाइफ’ची आठवण होते, आणि तरीही ती चित्रे मुंबईचीच राहतात: वर्गमैत्रीण रेहाना मोगल कॅमेऱ्यापुढे सहज वावरते, पोज दिल्याचा ताण कुठेही नाही. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि सलोन प्रदर्शनांची परंपरा रुजली. तिने तंत्राची शिस्त दिली हे खरे, पण धुके, नावाडी आणि तिरप्या उन्हातली बैलगाडी यांची पुनरावृत्तीही भरपूर केली.

मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांच्या बाबतीत वळण एका भेटीने आले. तेल आणि पोलाद उद्योगांची छायाचित्रे घेणारे आर्थर डार्झियन १९५९ मध्ये त्यांना भेटले, आणि समारंभांचे फोटो काढणाऱ्या बेदींनी औद्योगिक छायाचित्रणाची वाट धरली. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांचे, धरणांचे आणि भट्ट्यांचे रूप देशाच्या मनात ठसवण्यात त्यांच्या चित्रांचा मोठा वाटा आहे. एक विषय कॅमेऱ्याच्या लायकीचा आहे, एवढेच डार्झियन यांच्याकडून कळले. बाकीचे काम बेदींचे.

रघुबीर सिंह यांनी १९६६ मध्ये जयपूरला आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना जवळून पाहिले. गर्दीत मिसळणे, क्षण जुळेपर्यंत थांबणे हे त्यांनी घेतले. कृष्णधवल मात्र सोडले, कारण भारत रंगातच दिसतो ही त्यांची ठाम धारणा होती. मुंबईवरचे त्यांचे १९९४ चे पुस्तकही रंगीतच आहे. पुढची कडी आणखी बोलकी आहे. केतकी शेठ यांना रघुबीर सिंह यांचे मार्गदर्शन मिळाले, पण मुंबईच्या रस्त्यांवरचे त्यांचे ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) कृष्णधवल आहे. सूनी तारापोरवाला आपल्या पारशी आप्तांचे फोटो काढत होत्या. या विषयाचे पुस्तक करा, असे रघुबीर सिंह यांनी त्यांना १९८२ च्या सुमारास सुचवले आणि ते पुस्तक २००० मध्ये आले. गुरूची शैली कोणीच उचलली नाही, आणि गुरूनेही तशी अपेक्षा ठेवल्याचे दिसत नाही. ही तीन नावे एकत्र पाहिली की वैयक्तिक प्रकल्पाला लागणारा खरा खुराक कळतो: एकच विषय, घरच्याइतकी जवळीक आणि अनेक वर्षे.

प्रेरणा आणि नक्कल यांतला भेद कायद्यानेही मानला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली छायाचित्राला छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण आहे. कल्पनेला किंवा शैलीला ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची मांडणी यांतला फरक स्पष्ट केला.

ग्रामीण विषयांकडे वळणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी वारसा अमेरिकेतील आहे. १९३५ पासून रॉय स्ट्रायकर यांनी सरकारी खात्यासाठी वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग यांच्यासारख्या छायाचित्रकारांकडून मंदीतल्या शेतकऱ्यांचे चित्रण करून घेतले. कार्ल मायडन्स कापसावर काम करायला दक्षिणेकडे निघाले, तेव्हा स्ट्रायकर यांनी त्यांना कापसाबद्दल काय माहीत आहे असे विचारले. फारसे काही नाही, हे कळताच प्रवास पुढे ढकलला गेला आणि स्ट्रायकर रात्री उशिरापर्यंत त्यांना कापसाचे पीक, बाजार आणि राजकारण समजावत बसले. वऱ्हाडातल्या कोणत्याही छायाचित्रकाराला हा प्रसंग आपलाच वाटावा असा आहे. महाराष्ट्रात हीच चिकाटी पी. साईनाथ यांच्या ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावरील प्रदर्शनात, सुधारक ओलवे यांच्या मुंबईतील सफाई कामगारांच्या चित्रमालिकेत आणि संदेश भंडारे यांच्या तमाशावरील पुस्तकात दिसते.

या सगळ्या वारशाचा कस एखाद्या गावात लागतो. उदाहरणार्थ, वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले इंझोरी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची छायाचित्रे बाहेर पोचतात ती बहुधा दोनच प्रकारची: पोहरादेवीची यात्रा आणि दुष्काळ. पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे आणि आसपास बंजारा तांडे आहेत. इथे कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस जाणता-अजाणता जॉन्सन आणि ‘द पीपल ऑफ इंडिया’ यांचा वारसदार ठरतो. फेटिया-कांचळीतली वृद्ध बाई, काचांचे भरतकाम आणि सुरकुतलेला चेहरा: हे चित्र दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे. ते टाळण्यासाठी विषय बदलायची गरज नाही. त्या बाईचे नाव लिहायचे, ती कोणाच्या शेतात वेचणीला जाते, मजुरी किलोवर मिळते की रोजाने, हे विचारायचे, आणि वेचणीच्या दिवसांत पुन्हा जायचे.

इंझोरीसारख्या गावात काम ठरवताना पूर्वसूरींची चित्रे भिंतीवर लावण्याआधी त्यांचा क्रम पाहणे उपयोगाचे. बहल यांच्याकडून उजेड न लादण्याची सवय घेता येईल. घरातला दाराशी येणारा प्रकाश किंवा जिनिंगमध्ये वरून पडणारा झोत पुरेसा असतो. तारापोरवाला यांच्याकडून आप्तांपासून सुरुवात, स्ट्रायकर यांच्याकडून आधीची तयारी: पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी यांची विषयसूची, आणि तालुक्याच्या बाजारातील कापूस-सोयाबीनच्या व्यवहाराची माहिती. कार्तिए-ब्रेसाँ यांची चौकट मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावी. तिच्या मागे लागलेली गावाची छायाचित्रे रचनेत नेटकी आणि माहितीत रिकामी निघतात. गाव कळायला खळ्यावरच्या गोणीवरचा शिक्का आणि दारावर लिहिलेले घराचे नाव वाचता येईल इतके जवळ जावे लागते.