तुपाइया

तुपाइया (जन्म: इ.स. १७२५च्या सुमारास, राइआतेआ, मृत्यू: इ.स. १७७०, बटाव्हिया) हे दक्षिण प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन दर्यावर्दी व पुरोहित होते. बोरा बोराच्या योद्ध्यांनी राइआतेआ जिंकल्यावर त्यांनी ताहिती बेटावर आश्रय घेतला. शुक्राच्या अधिक्रमणाचे निरीक्षण करण्यासाठी १७६९ मध्ये जेम्स कुक तेथे आले. निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांच्या आग्रहामुळे परतताना त्यांनी तुपाइयांना 'एंडेव्हर' जहाजावर घेतले.

तारे, वारे व लाटांची दिशा यांवरून मार्ग काढणाऱ्या परंपरेत तुपाइया तयार झाले होते. त्यांच्या माहितीवरून काढलेल्या नकाशात ७४ बेटे आहेत. कुक यांच्या हातची त्याची प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. बेटांच्या जागा युरोपीय नकाशांशी जुळत नसल्याने तो दीर्घकाळ सदोष मानला गेला. मात्र उत्तर दिशा वर धरण्याची युरोपीय रीत त्याला लावणेच मुळात चुकीचे असावे.

ऑक्टोबर १७६९ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर झालेल्या पहिल्या भेटींत इंग्रजांच्या गोळीबारात अनेक माओरी मारले गेले. तुपाइयांची भाषा माओरींना समजत असल्याने पुढील बोलणी त्यांच्यामार्फत झाली. ऑस्ट्रेलियात मात्र त्यांचे बोलणे कोणालाही कळले नाही. माओरी व इंग्रज शेवंडाची देवाणघेवाण करत असल्याचे एक प्रसिद्ध जलरंगचित्र तुपाइयांचे आहे, हे बँक्स यांच्या पत्रावरून १९९७ मध्ये उघड झाले.

इंग्लंडला पोहोचण्यापूर्वीच बटाव्हियात (आजचे जाकार्ता) आजारपणात त्यांचा मृत्यू झाला. १७७३ मध्ये कुक न्यूझीलंडला परतले, तेव्हा माओरींनी तुपाइयांची विचारपूस केली व निधनाची वार्ता ऐकून शोक केला.