जांघेतील तिरपी वाट

अंतर्गळ हा शब्द आपल्याकडे हलक्या आवाजात उच्चारला जातो. ओझे उचलता उचलता जांघेत गाठ दिसू लागते, निजले की आत जाते, उठले की पुन्हा बाहेर; आणि माणूस पट्टा बांधून वर्षानुवर्षे ती लपवीत राहतो. एखादे दिवशी आतडे तेथे आवळले जाते, मग प्रश्न जिवाचा होतो. या दुखण्यावरील इलाजाचा इतिहास मुख्यत्वे इटलीतील पादुआ या विद्यापीठाच्या गावचा आहे.

पोटाच्या बाजूची भिंत तीन स्नायूंची. बाहेरच्याचे तंतू खाली उतरतात, मधल्याचे त्यांना छेदून वर चढतात, सर्वांत आतले आडवे जातात. त्यांच्याही आत एक पातळ पटल असते. जांघेपाशी ही भिंत विरळ होते आणि पुरुषांत तेथूनच वृषणाची रज्जू बाहेर पडते. ही वाट जेमतेम चार सेंटीमीटरांची, पण तिरपी. म्हणून खोकताना तिच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जाऊन ती मिटते. तिच्या तळाशी कमरेच्या हाडापासून जघनास्थीपर्यंत एक चिवट बंध ताणलेला असतो. पादुआत शिकविणाऱ्या फालोप्पियोने त्याचे वर्णन सोळाव्या शतकातच केले होते. नाव मात्र लागले पूपार या फ्रेंच शल्यवैद्याचे. इतिहासात असे नेहमीच होते.

इतके ठाऊक असूनही पुढची तीनशे वर्षे शल्यवैद्य बहुधा बाहेरचे तोंड तेवढे बंद करीत. आतली वाट उघडीच राही आणि गाठ परत येई.

एदोआर्दो बास्सिनी (१८४४–१९२४) हा पाव्हियाचा. १८६६ साली वैद्यकीची पदवी घेतली आणि १८६७ साली गारिबाल्दीच्या पक्षाने लढताना, रोमजवळ व्हिला ग्लोरी येथे, त्याच्या जांघेतच संगीन घुसली. तो कैद झाला, मरता मरता वाचला. या जखमेनेच त्याला पुढचा मार्ग दाखविला, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. खरी शिदोरी होती लिस्टरच्या जंतुघ्न पद्धतीची आणि शरीररचनेच्या अभ्यासाची.

डिसेंबर १८८४ मध्ये पादुआ येथे त्याने ती वाट पुढून पूर्ण उघडली, पिशवी मुळाशी बांधली, रज्जू वर उचलून धरली आणि आतले दोन स्नायू व ते पटल असे तिन्ही थर एकत्र घेऊन त्या जुन्या बंधाला रेशमी धाग्याने शिवले. मग रज्जू त्यावर ठेवून बाहेरचा थर मिटविला. वाटेचा तिरपेपणा परत आला. १८८९ साली त्याने ग्रंथ लिहिला. १८९० च्या वृत्तान्तात २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब असून गाठ परत आलेले रोगी दहांहूनही कमी आहेत. रोगी घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे त्यांची खबर घेण्याची ही चिकाटी आम्हांस शस्त्रक्रियेइतकीच मोठी वाटते.

पुढे त्याचे नाव जगभर गेले, कृती मात्र वाटेत झिजली. घाई करणाऱ्यांनी पटल उघडण्याची पायरी गाळली, अपयश आले आणि बोल बास्सिनीला लागला. टोरांटोच्या शोल्डिस यांनी १९४० नंतरच्या दशकात थराथराने शिवण्याची शिस्त पुन्हा आणली. १९८० नंतर अमेरिकेत लिख्टेनश्टाईन यांनी ताण देऊन शिवण्याऐवजी कृत्रिम जाळी बसविणे रूढ केले. त्या जाळीची खालची कड टाचतात ती फालोप्पियोच्या त्याच बंधाला.